अप्पांच्या डाव्या हाताला

"शिट्टी मारा रे," अप्पा पुढं बघतच म्हणाले.

मी मारली. मागून रफिकभाईंची आली, लांब आणि लडिवाळ, गल्लीत कुणाला हाक मारावी तशी. चौगुले सरांची काही आली नाही.

"सदा, शिट्टी!"

"अरे हाय की मी! तुझ्या शेजारीच हाय!" सर ओरडले. "इथं शाळा भरवलीयस काय? मी पोरांना तीस वर्षं शिट्ट्या मारल्या, आता मासे पकडताना पण मारू? पळाले सगळे मासे."

"मारायची म्हणजे मारायची. दर दहा मिनिटांनी. ठरलंय ना आपलं?"

"तुझं ठरलंय," सर म्हणाले, पण एक फुसकी शिट्टी मारली त्यांनी.

आचऱ्याच्या खाडीतली ती जानेवारीतली सकाळ होती. बारा वर्षं झाली त्याला. आम्ही चौघं चार कयाकांवर होतो. कयाक म्हणजे आमच्या त्या जाड प्लॅस्टिकच्या, वर मांडी मोकळी सोडून बसायच्या होड्या, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत चालवायच्या. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत चढलेलं होतं आणि खाडी एखाद्या भरल्या ताटासारखी गप्प होती.

अप्पा म्हणजे माझे सासरे, भालचंद्र मिरजे. कोल्हापूरजवळ शिरोलीला, घराच्या मागंच त्यांचं पॅटर्न शॉप. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती ते करायचे. उद्यमनगरात म्हण होती की मिरज्यांच्या नजरेपुढं फूटपट्टी लाजते. मी लग्नानंतर त्यांच्याच शॉपमध्ये कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला लागले. नवरा, अभिजित, मस्कतला, सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही कमी बोलणारे. त्यांनी मला राजाराम तलावावर वल्हं धरायला शिकवलं, तेव्हा आमच्यात पहिल्यांदा अर्धा तास सलग बोलणं झालं असेल.

चौगुले सर त्यांचे लहानपणापासूनचे. दोघं पंचगंगेच्या घाटावर एकाच भोपळ्याला धरून पोहायला शिकले, असं सर सांगायचे. सर शाळेत पी.टी. शिकवायचे. रफिकभाई मुजावरांचं बॅटरीचं दुकान होतं. या तिघांची ही दरवर्षीची खेप. टेम्पोत कयाका लादायच्या, घाट उतरून यायचं, खाडीकाठी यमुनाबाई तारींच्या माडाच्या बागेत तंबू ठोकायचे आणि तीन दिवस मासे धरायचे. बायका-मुलांना या खेपेत कधी प्रवेश नव्हता. त्या वर्षी अप्पांनी मला आणलं होतं.

"सून कशाला बाबा? आता शिव्या पण देता यायच्या नाहीत," सरांनी निघताना तक्रार केली होती.

"ती चांगली वल्हवते," अप्पा एवढंच म्हणाले होते.

पहिला दिवस छान गेला. मी अप्पांच्या डाव्या हाताला, दोन वल्ह्यांचं अंतर ठेवून चालत होते. त्यांनी तसं सांगितलं होतं आणि मी ते पाळत होते. दुपारपर्यंत रफिकभाईंना दोन तांबोशी लागल्या. सरांना एक शेंगाळा लागला, तो त्यांनी शिव्या घालत परत सोडला. मला काहीच लागलं नाही, कारण माझा गळ पाण्यात कमी आणि लक्ष दुसरीकडं जास्त होतं.

चारच्या सुमाराला पाणी ओसरलं. यमुनाबाई टोपली घेऊन वाळूत तिसऱ्या वेचत बसल्या होत्या. साठीच्या, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ओल्या वाळूत बोटं घालून त्या शिंपल्या कशा शोधायच्या ते शिकत होते. अप्पा तंबूकडं जाताना आमच्या अगदी जवळून गेले आणि त्यांचा पाय टोपलीला लागला. अर्ध्या तिसऱ्या वाळूत सांडल्या.

"अरेच्चा," अप्पा म्हणाले. खाली वाकून त्यांनी हातांनी चाचपून चार-पाच गोळा केल्या आणि ते पुढं गेले.

यमुनाबाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याक डावीकडचा दिसणा नाय काय गो?"

"दिसतं की. का?"

"मी हंयच बसलंय, तरी तेंचो पाय टोपलेक लागलो."

"ऊन आलं असेल डोळ्यावर," मी म्हटलं.

त्यांनी सूर्याकडं पाहिलं. तो अप्पांच्या पाठीमागं होता. मग सांडलेल्या तिसऱ्या एकेक करून टोपलीत टाकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा उतरलो तेव्हा त्या काठावर उभ्या होत्या. "दहा वाजता सुकती लागतली," त्यांनी बजावलं. सुकती म्हणजे ओहोटी. "मगे पाणी मुखाकडे धावता. खुटांच्या लायनीत जावूं नकात."

खाडीच्या मुखाच्या अलीकडं, डाव्या अंगाला, पाण्यात खुंटांची एक लांबच लांब रांग होती. माणसाच्या मांडीएवढे ओंडके गाळात ठोकलेले, त्यांना मच्छीमार जाळी बांधतात. खुंटांवर कालवं चिकटलेली, सुरीच्या पात्यासारखी. त्याच खुंटांच्या सावलीत मोठा मासा असतो, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

पावणेदहापर्यंत सगळं ठीक होतं. मी अप्पांच्या डावीकडं. सर माझ्याही डावीकडं, खुंटांच्या बाजूला. रफिकभाई बरेच मागं. सरांनी सकाळीच शिट्टी गळ्यातून काढून डब्यात टाकली होती. मी पाहिलं होतं. अप्पांना सांगावं की नाही, असा विचार केला आणि नाही सांगितलं.

मग माझ्या गळाला मासा लागला.

तसा मासा मला पुन्हा कधी लागला नाही. रील किंचाळायला लागलं, काठी वाकून पाण्याला टेकली आणि माझी कयाक गर्रकन फिरली. पाण्यातून एकदा तो उसळला तेव्हा दिसला. जिताडा, हातभर लांब, पोटाशी चांदीसारखा. दोन दिवस मी नुसतं वल्हं मारत होते, आणि हा माझ्यासाठी आला होता. त्यानं मला मागं, तिवरांकडं ओढत नेलं आणि मी जाऊ दिलं. पाच मिनिटं असतील किंवा दहा. अप्पांची शिट्टी ऐकू आली, मी दातांत शिट्टी धरून फुंकली. रफिकभाईंनी फुंकली. तिसरी आली नाही, पण सर कालपासून तसंही टाळत होते. मी दोर गुंडाळत राहिले.

तोवर पाणी फिरलं होतं. ते मला कळलं, कारण दोर एकदम सैल पडला, मासा सुटला आणि मी मान वर केली. तिवरं झपाझप मागं सरकत होती.

अप्पा पुढं, संथपणे वल्हं मारत, मुखाकडं चालले होते. त्यांच्या डावीकडं, जेमतेम पंधरा हातांवर, एक पिवळी कयाक खुंटाला आडवी चिकटून उलटी झाली होती. तिच्या शेजारी पाण्यावर एक हात होता. मग डोकं आलं, तोंड उघडं, आणि परत खाली गेलं.

अप्पा सरांच्या बाजूनं तसेच पुढं निघून गेले. मानही वळली नाही.

"सर!" मी किंचाळले. "अप्पा! सर पडलेत! खुंटात!"

अप्पांनी कयाक फिरवली. आवाजाच्या दिशेनं, सरळ, सगळ्या जोरानिशी ते वल्हं मारत आले, आणि रांगेतल्या पहिल्या खुंटावर त्यांची डावी बाजू धाडकन आपटली. कयाक कलली. त्यांनी ती सावरली आणि पुन्हा जोर लावला, पुढच्या खुंटाच्या दिशेनं. पाणी त्यांना खुंटांत दाबायला लागलं होतं. अजून एक फटका बसला असता तर तेही सरांसारखेच आडवे झाले असते.

"अप्पा, थांबा!" मी ओरडले. "पुढं येऊ नका! तुम्हाला दिसत नाहीये!"

खाडीवर आवाज फार स्वच्छ जातो. मागं रफिकभाईंचं वल्हं थांबल्याचंही मला ऐकू आलं.

अप्पा थांबले. त्यांचे खांदे मला दिसत होते. मग त्यांनी मान माझ्याकडं न वळवता विचारलं, "सांग. कुठं येऊ?"

"उजवीकडं दोनदा मारा. आणखी एक. बास. आता सरळ. सरळच. खुंटांच्या खालच्या अंगाला आलात. आता डावीकडं वळा, हळू. हात पुढं करा, खुंट आहे. धरलात? सरांचं डोकं तुमच्या उजव्या हाताखाली आहे."

त्यांनी हात पाण्यात घातला, चाचपला आणि सरांच्या लाइफ जॅकेटची कॉलर धरून त्यांना छातीपर्यंत वर उचललं. आयुष्यभर लाकूड तासलेले हात होते ते. एका हातानं खुंट, एका हातानं माणूस, आणि कालवांनी तळवा फाटून रक्त मनगटावर येत होतं, तरी त्यांनी काहीच सोडलं नाही.

"सदा," ते म्हणत होते, "सदा, श्वास घे. घे की रे."

मी तोवर वरच्या अंगानं पोचले आणि कयाक सोडून पाण्यात उतरले. पाणी छातीइतकंच होतं, पण पायाखाली गाळ आणि ओढ अशी की उभं राहणं म्हणजे कुणाशी तरी कुस्ती. सरांचा पाय एका जुन्या, तुटक्या जाळ्यात घोट्याच्या वर गुंतला होता. मी मासे कापायच्या सुरीनं ते कापत गेले. किती वेळ लागला ते आठवत नाही. शेवटचा धागा तुटला तेव्हा सर एकदम अप्पांच्या मांडीवर आले, आणि खोकायला लागले, आणि मग शिव्या द्यायला लागले. त्या शिव्या ऐकून मागून आलेले रफिकभाई रडायला लागले.

काठावर यमुनाबाईंनी सरांचा पाय गोड्या पाण्यानं धुतला. पोटरीपासून घोट्यापर्यंत कालवांनी सोलून काढला होता. गावातल्या डॉक्टरांकडं नेऊन टाके घातले, अप्पांच्या तळव्यालाही पाच पडले, आणि दुपारी बाराला आम्ही परत बागेत माडाखाली बसलो होतो. कुणी जेवलं नव्हतं.

सर बराच वेळ अप्पांकडं बघत होते. मग ते उठले, लंगडत अप्पांच्या डाव्या बाजूला गेले आणि आपला पंजा त्यांच्या कानाजवळ धरून हलवला. अप्पा समोर बघत होते. सरांनी तो पंजा हळूहळू पुढं आणला. नाकाच्या रेषेत आला तेव्हा अप्पांनी तो हातानं बाजूला केला.

"काचबिंदू हाय," ते म्हणाले. "कडेचं जातं. समोरचं दिसतंय अजून."

"कधीपासनं?"

"कळलं दिवाळीत. त्याआधी किती दिवस होता कुणाला ठाऊक."

"दिवाळीत." सर खाली बसले. "आणि तू आम्हाला पाण्यात घेऊन आलास. पुढं होऊन. शिट्ट्या मार म्हणून. मला वाटलं म्हातारा झालाय, म्हणून काळजी करतोय. तू आम्ही कुठं आहे ते कानानं शोधत होतास काय रे?"

अप्पांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला.

"मी मेलो असतो, भाल्या. तुझ्या शेजारी. तू निघून गेला होतास."

"व्हय."

"एकदा म्हणाला असतास ना, सदा, मला दिसत नाही, तर तुला पाठीवर घेऊन आलो असतो मी. पण नाही. तुला पुढंच राहायचं होतं." मग सर माझ्याकडं वळले. "शर्वरी, तुला ठाऊक होतं हे?"

मी तोंड उघडलं.

"तिला ठाऊक नव्हतं," अप्पा म्हणाले. माझ्याआधी, अगदी शांत आवाजात. "पोर हुशार हाय. मी खुंटावर आपटलो तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिनं ओरडून सांगितलं म्हणून आपण दोघं इथं बसलोय. नाहीतर दोघंही खुंटांत असतो."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझा जीव वाचवलास, बाळ."

आणि मी गप्प बसले.

दिवाळीत काय झालं होतं ते आता सांगते. शॉपमध्ये एक पॅटर्न डाव्या कडेला सहा मिलिमीटर कमी निघाला. मिरज्यांच्या हातून. मी ड्रॉइंग तपासलं, ते बरोबर होतं. मी त्यांना न विचारता अभिजितचा मित्र होता त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी यंत्रात डोकं ठेवायला लावलं आणि मग एक कागद दाखवला, ज्यावर अप्पांना दिसत होतं तेवढं पांढरं आणि बाकी काळं होतं. डावीकडचं जवळजवळ सगळं काळं. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "अभिजितला सांगू नको. सदाला नको. एक खेप पाण्यावर जाऊन येऊ दे. शेवटच्या दिवशी मीच सांगतो त्यांना. तेवढं तू माझ्या डाव्या हाताला राहा."

मी हो म्हटलं होतं. त्यांच्या डाव्या बाजूचं जे काळं होतं, तिथं बघायचं काम माझं होतं. आणि त्या सकाळी मी तिथं नव्हते. मी मासा ओढत होते.

परतीच्या वाटेवर घाटात टेम्पो थांबला तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अप्पा, तुम्ही खोटं का बोललात?"

"सदाचं एकाशी वैर झालं तर पुरे," ते म्हणाले. "दोघांशी कशाला?"

सर त्यानंतर आमच्या घरी आले नाहीत. दोन वर्षं. समोरच्या गल्लीत राहणारा माणूस. कयाका माळ्यावर गेल्या. रफिकभाई दोन्हीकडं जाऊन निरोप पोचवायचा प्रयत्न करायचे, मग तेही थकले. अप्पांचं दिसणं आणखी आक्रसलं, ते आता बोटांनीच लाकूड तपासायचे, आणि खरं सांगायचं तर तसेही ते बहुतेकांपेक्षा बरं काम करायचे. सरांचं नाव घरात निघत नव्हतं.

पण सर मला भेटायचे. महाद्वार रोडला, मंडईत, कुणाच्या लग्नात. भेटले की चारचौघांत माझा हात धरून सांगायचे, "ही बघा, हिनं मला पाण्यातनं काढलं. घरात एकटी हीच डोळस." लोक कौतुकानं बघायचे. मी हसायचे. घरी येऊन अप्पांना वाढलं की मी जेवायला नंतर एकटी बसायचे. त्यांचा मित्र गेला होता, आणि मला एक फुकटचा मान मिळाला होता. एकदा तर एका सभागृहात त्यांनी मला व्यासपीठावर बोलावून नारळ दिला. तो नारळ मी कुणाला न सांगता कामवाल्या मावशींना देऊन टाकला.

दोन वर्षांनी मे महिन्यात सर आमच्या फाटकाशी आले. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. आत आले नाहीत. मी बाहेर गेले, त्यांनी अक्षता लावलेली पत्रिका माझ्या हातात दिली.

"तू ये. अभिजित असेल तर त्याला आण," ते म्हणाले. पत्रिकेवर माझं आणि अभिजितचं नाव होतं. अप्पांचं नव्हतं.

ते नाव नसलेलं बघितलं आणि मला राहवलं नाही.

"सर, मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "दिवाळीपासून. मीच त्यांना डॉक्टरकडं नेलं होतं. मी त्यांच्या डावीकडं राहीन असं कबूल केलं होतं, म्हणून ते आले. आणि तुम्ही पडलात तेव्हा मी तिथं नव्हते. मला मासा लागला होता. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी ते चालू दिलं."

सर फाटकाच्या गजावर हात ठेवून उभे होते. उन्हानं तो गज तापला असणार, पण हात त्यांनी काढला नाही.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, ज्याला तिथल्या तिथं कळतं, तो विचारतो, अप्पा, दिसत नाही का तुम्हाला? तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस. मी पाण्याखालनं वर आलो होतो तेव्हा नेमका. ऐकलं मी. तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेला माणूस मी, मला एवढं कळू नये?"

"मग तुम्ही मला... सगळ्यांसमोर..."

"मग काय करू? त्यानं तुला वाचवायला मैत्री घालवली. ती त्याची लबाडी मी उघडी पाडली असती तर त्याच्याकडं राहिलं काय असतं?" सरांनी माझ्या हातातल्या पत्रिकेकडं बघितलं. "आणि तू कधी बोलतीस, ते पण बघायचं होतं. फार वेळ लावलास बाळ."

"तुम्ही त्यांच्याशी बोलत का नाही मग?"

"माझा राग तुझ्यावर नव्हताच. त्याच्यावर होता. अजून हाय." त्यांनी गजावरचा हात काढला, लेंग्याला पुसला. "घरात हाय काय तो?"

"मागं, शॉपच्या ओट्यावर."

सर आत आले. टाके घातलेला पाय ते अजून जरा ओढतच चालायचे. अप्पा ओट्यावर बसून एका लाकडी चाकाला पॉलिश पेपर मारत होते. पावलं ऐकून त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

"सदा?"

सरांनी शेजारचा पाट पायानं ओढून घेतला, नेमका अप्पांच्या डाव्या बाजूला ठेवला आणि त्यावर बसले. अप्पांनी पॉलिश पेपर खाली ठेवला.

मी दारात उभी होते. सरांनी वळून माझ्याकडं बघितलं.

"तू आत जा, चहा टाक," ते म्हणाले. "आम्हाला भांडायचंय. दोन वर्षांचं तुंबलंय."

मी आत गेले. आधी सरांचा आवाज चढला, मग अप्पांचा. मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. काय बोलत होते ते मी ऐकायचं टाळलं. चहा एकदा उकळून उतू गेला, ओटा पुसून मी दुसऱ्यांदा ठेवला, तोही आटत आला, तरी त्यांचं भांडण चालूच होतं.